नमुना वही, रॅम्प आणि सहा माग: इंदूरमधल्या एका पेढीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पेढी इंदूरची, राजवाड्याच्या मागच्या गल्लीतली. ओळख पटू नये म्हणून नाती थोडी फिरवली आहेत, रकमा ढोबळ केल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण हे प्रकरण अडलं ते क्रमावरच. नाव होतं, गुण होते, ओळखी होत्या, थोडाफार पैसाही होता. हिशेब आणि करारांच्या कामासाठी मला बोलावलं तेव्हा दुकानाचं शटर बंद होऊन बरेच दिवस झाले होते आणि घरातली मुलगी रॅम्पवर दुसरं कलेक्शन दाखवून आली होती.

होळकरी अमदानीत पेढीचं काम कापड विकण्यापेक्षा विणून घेण्याचं होतं. सरदार-मानकऱ्यांच्या घरून लुगडी, शेले, पागोटी यांची मागणी यायची; पेढीचा माणूस जाम घाट उतरून महेश्वरला जायचा, मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून यायचा आणि माल तयार झाला की घरपोच करायचा. अहिल्याबाईंनी आपल्या कारकिर्दीत (1767 ते 1795) राजधानी महेश्वरला नेली, विणकर वसवले. पुढे 1818च्या मंदसोर तहानंतर राजधानी इंदूरला आली, पण माग नर्मदेकाठीच राहिले. नेसणारे इंदुरात आणि विणणारे नव्वद किलोमीटरवर. या अंतरातच अशा पेढ्यांची पोटं भरली.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि मागणी देणारी घरं हळूहळू आटली. 1970च्या दशकाच्या शेवटी महेश्वरला होळकर घराण्यातल्यांनीच रेहवा सोसायटी सुरू करून माग पुन्हा चालते केले. पेढी मात्र तोवर सुरतेच्या मालाकडे वळली होती. लग्नाच्या साड्या, शालू, आहेराचे परकर आणि कोपऱ्यातल्या एका फडताळात महेश्वरी. 2020च्या टाळेबंदीत दुकान बंद पडलं ते पडलंच.

उरलं काय होतं? आडनावाचं एक नाव. सत्तरी ओलांडलेले एक शिंपी, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणतात. आणि नमुना वही.

वहीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरलं. लांबट, खारव्यात बांधलेली. प्रत्येक पानावर काठाची चारेक बोटं लांब पट्टी आणि शेजारी मोडीत टिपण: रंग, तारा, कोणाच्या घरी दिलं, भाव. पट्टी एकाच कडेनं चिकटवलेली, दुसरी कड मोकळी. महेश्वरीचा काठ दोन्ही अंगांनी सारखा दिसावा लागतो आणि उलटी बाजू पाहिल्याशिवाय गिऱ्हाईक मान हलवत नसे. म्हणून प्रत्येक मोकळ्या कडेखाली कागद बोटांनी काळा पडलेला आहे. ज्या काठाखाली डाग जास्त, तो जास्त खपलेला, असा अंदाज डिझायनरनं बांधला. पुढे विक्रीत तो बराच खरा ठरला.

डिझायनर म्हणजे थोरल्या काकांची पुतणी. फॅशनचं शिक्षण, मग दिल्लीत एका नावाजलेल्या डिझायनरकडे नोकरी, मग घरी परत. वडील नाहीत, त्यांचा भागीदारीतला हिस्सा आईच्या नावे. काका हयात भागीदार. याशिवाय 1980च्या दशकात वेगळी झालेली चुलत शाखा, जिचं त्याच आडनावाचं दुकान शहराच्या दुसऱ्या भागात आजही चालू आहे.

पहिलं कलेक्शन तिनं स्वतःच्या नावानं केलं. विषय घेतला माणिकबागचा. यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतलेला हा राजवाडा. आत फ्रेंच डिझायनर रूलमानचं फर्निचर, इव्हान दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे. त्यातल्या बऱ्याच वस्तू 1980 मध्ये मोनॅकोच्या लिलावात विकल्या गेल्या आणि इमारतीत सरकारी कर कार्यालय आलं. ब्रून्सच्या गालिच्यांवरच्या भौमितिक पट्ट्या आणि महेश्वरीच्या काठातली ईंट किंवा चटाई ही नक्षी, दोन्ही रेघांचेच खेळ. तिनं ते शेजारी शेजारी ठेवले. कल्पना चांगली होती, कपडेही चांगले होते, छापून भरपूर आलं. विक्री जेमतेम झाली. नवख्या डिझायनरच्या पहिल्या शोचं बहुतेक असंच होतं, त्यात नवल नाही.

अडचण

दुसऱ्या कलेक्शनच्या वेळी तिनं पेढीचं नाव घेतलं. दिल्लीतल्या ऑक्टोबर 2023च्या फॅशन वीकमध्ये जागा मिळाली होती आणि आयोजकांना "वारसा" ही कथा हवी होती. काकांनी तोंडी होकार दिला. "कर बाळ, तुझ्याच आजोबांचं नाव आहे" इतकाच. कागद झाला नाही.

चौदा पोशाख आणि वहीतले अकरा काठ. इथेच पहिली गाठ बसली, पण ती बसली हे कोणाला जाणवलं नाही. मागावर काठ बदलायचा म्हणजे डॉबीची, म्हणजे नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेची, मांडणी बदलायची, तारा नव्यानं ओवायच्या. तेवढा वेळ माग रिकामा उभा राहतो आणि रिकाम्या मागाची मजुरी विणकराला कोणी देत नाही. अकरा काठ म्हणजे अकरा वेळा कोणाची तरी मजुरी बुडणार. शिवाय रेशमी सूत बंगळूरकडून, सुती कोइमतूरकडून, जरतार सुरतेहून. यातलं एक उशिरा आलं की सगळं थांबतं. शोची तारीख जूनमध्ये पक्की झाली, ताणे जुलैत चढले, मध्ये पावसाळा. ज्यांच्या मागांवर काम होतं ते उस्ताद पुढे एकदा माझ्यासमोरच तिला म्हणाले, "बेटी, तारीख हमसे पूछके रखनी थी." त्यात राग नव्हता. पण मला विचाराल तर या प्रकरणाचं निदान त्या वाक्यात आहे.

कापड शोच्या दहा दिवस आधी हातात आलं. शेवटच्या फिटिंगला दिसलं की शिवलेल्या नऊवारीच्या कासोट्यावर शिवण सरकते आहे. महेश्वरीत ताणा रेशमी, बाणा म्हणजे आडवा धागा सुती. कापड हलकं, झुळझुळीत. नेसलं तर सुरेख, पण जिथे ताण येतो तिथे शिवलं की टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी तारा सरकतात आणि बारीक जाळी दिसू लागते. उंच टाचांच्या चपला घालून लांब ढांग टाकणाऱ्या मॉडेलच्या अंगावर ती जाळी फाटायला चार पावलं पुरतात. मास्टरजींना रातोरात दिल्लीला नेलं. त्यांनी कासोट्याखाली आणि ओच्याच्या मुळाशी मलमलचं आडवं अस्तर लावलं, शिवण अस्तरावर घेतली आणि वरचं कापड नुसतं बसवलं, म्हणजे ताण मलमलीवर आणि झळाळी महेश्वरीवर. शो निर्विघ्न पार पडला, नुसता पार पडला नाही तर गाजला. तिच्या शाळेतल्या बाईंनीही इंदूरहून फोन केला.

मग मागण्या आल्या. मुंबई, दिल्ली आणि हैदराबादच्या तीन दुकानांनी मिळून शंभराहून अधिक नग मागितले, लग्नसराईच्या तोंडावर. हातात होते चौदा नमुने आणि दिवाळीमुळे निम्मे माग बंद.

आणखी एक घोटाळा तोवर घडून गेला होता. प्रसिद्धीसाठी वहीच्या पानांचे मोठे, स्पष्ट फोटो मासिकांना दिले होते. डिसेंबर उजाडायच्या आत त्यातले दोन काठ यंत्रमागावर विणून बाजारात आले, तेही इंदुरातच. महेश्वरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचं आणि उत्पादनाचं रक्षण करतं. काठाच्या नक्षीचं नाही. नक्षी 2000च्या डिझाइन्स कायद्याखाली नोंदवावी, तर तो कायदा नक्षी नवी आणि अप्रकाशित असावी असं म्हणतो. शंभर वर्षं लोकांच्या अंगावर मिरवलेला काठ नवा कसा ठरणार? काका तेव्हा एकच वाक्य बोलले: "बाबांनी वही कधी गादीवरून खाली उतरू दिली नाही."

समोरचे पर्याय

मागण्यांचं काय करायचं हा तातडीचा प्रश्न होता. पेढीचं काय करायचं हा खरा. घरात दोन्ही एकाच बैठकीत आले आणि म्हणून दोन्ही बिघडले.

तातडीच्या प्रश्नाला बाजारातून उत्तर आलं. एका व्यापाऱ्यानं पंधरा दिवसांत यंत्रमागावर तसंच कापड काढून द्यायची तयारी दाखवली. आपल्याला वाटेल की थोरले काका नको म्हणतील आणि तरुण डिझायनर मोहात पडेल. झालं उलटं. काकांचं म्हणणं: दुकान चाळीस वर्षं सुरतेच्या मालावरच चाललं, गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही, "हातमाग" अशी चिठ्ठी लावली नाही म्हणजे झालं. पुतणीचं म्हणणं: चिठ्ठी लावा न लावा, रॅम्पवर जे सांगितलं ते ऐकूनच दुकानं माल मागताहेत. मला दोघांच्याही बोलण्यात तथ्य वाटलं. पण व्यवहार म्हणून पुतणीची बाजू पक्की होती: बाजारात नक्कल आधीच फिरत होती, तिच्याशी यंत्रमागाच्या भावात स्पर्धा करून पेढी टिकली नसती.

खऱ्या प्रश्नासाठी तीन वाटा होत्या.

एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीकडून विचारणा आली होती: नावाचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा द्या, आम्ही शहरोशहरी दुकानं काढतो, डिझायनर पगारावर राहील. रक्कम मोहात पाडणारी होती. घरच्यांनी मला पॅरिसच्या फॅशन घराण्यांची उदाहरणं विचारली, कारण पुतणी तीच सांगत होती. मी म्हटलं, ती दोन्हीकडून वाचता येतात. बालेन्सियागा 1968 मध्ये बंद झालं. 1997 मध्ये तिथे पंचविशीतला निकोला गेस्किएर आला, जो आधी त्याच नावाच्या जपानी परवान्याचे कपडे काढत होता, आणि घराचं नशीब पालटलं. याउलट रोशा. तिथे तरुण ओलिव्हिए थेस्कन्सच्या कलेक्शनांची वाहवा चालू असतानाच 2006 मध्ये मालक कंपनीनं कपड्यांचा विभाग बंद केला, अत्तरं चालू ठेवली. मालकाला नाव कशासाठी हवं आहे यावर सगळं ठरतं. आणि स्कियापरेलीचं घर, 1954 मध्ये मिटलेलं. नव्या मालकानं नाव घेतल्यावर पहिलं कलेक्शन यायला 2013 उजाडलं. तेवढी वर्षं नुसतं नाव सांभाळायची ऐपत ज्याच्याकडे आहे त्यानंच तो खेळ खेळावा.

दुसरी वाट: दुकानाची जागा तारण ठेवून कर्ज काढायचं आणि वर्षाला दोन कलेक्शनं चालू ठेवायची. डिझायनरचं मन इकडे होतं. मी एका कोटाचा हिशेब मांडला. दुकानातली किंमत 28,000 रुपये. तेव्हा हजार रुपयांवरच्या शिवलेल्या कपड्याला 12 टक्के जीएसटी होता. तो गेल्यावर उरले 25,000. दुकानाचे 40 टक्के म्हणजे 10,000. राहिले 15,000. कापड, अस्तर, शिलाई, हातकाम आणि वाया गेलेला तुकडा मिळून साडेतेरा हजार. वाया गेलेला तुकडा क्षुल्लक नसतो. महेश्वरीला दोन्ही कडांना काठ असतात. कोटाला खाली एकच लागतो, दुसरा कापून बाजूला पडतो. म्हणजे नगामागे दीड हजार, त्यातून शोचा खर्च, व्याज आणि न खपलेला परत आलेला माल. दुकानं माल विकत घेत नव्हती, विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर ठेवून घेत होती. शेजारी मी नऊवारीचा हिशेब ठेवला: थेट गिऱ्हाइकाला 16,800, पाच टक्के कर वजा जाता 16,000, विणून आणि फॉल-पिको करून साडेदहा हजार. उरतात साडेपाच हजार, आणि कापलेला तुकडा शून्य.

तिसरी वाट त्या कागदातूनच निघाली: पेढीचा मूळ धंदा, म्हणजे मागणीप्रमाणे विणून देणं, तोच पुन्हा उभा करायचा, रॅम्प त्याच्या मागून, जमेल तेव्हा.

काय केलं

आलेल्या मागण्यांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा पुरवला, बाकी लेखी माफी मागून रद्द केल्या. एक दुकान कायमचं तुटलं. कंपनीला नकार कळवला.

मग नावाचा कागद. नाव भागीदारी पेढीच्या मालकीचं राहील. पुतणीच्या स्वतंत्र संस्थेला पाच वर्षांचा परवाना, विक्रीवर ठराविक टक्केवारी काका आणि आईच्या हिश्श्यात. करारात एक अट पुतणीनंच घातली: ज्या कापडावर पेढीचं नाव असेल ते हातमागाचंच असेल. दुसरी काकांनी घातली: वही पेढीच्या कपाटात राहील, तिचा फोटो दोघांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. बैल गेला आणि झोपा केला असं कोणी म्हणेल, पण वहीत अजून दीडशेच्या वर काठ शिल्लक होते.

बोधचिन्हाची नोंदणी कापडाच्या 24 आणि तयार कपड्यांच्या 25 या वर्गांत टाकली. चुलत शाखेशी आधी बोलून घेतलं, हे महत्त्वाचं ठरलं. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही. ते त्यांचंही आडनाव आहे. शिवाय अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात आणि नातेवाइकांत त्या चार महिन्यांत जे होऊ शकतं ते मी इतरत्र पाहिलं आहे. इथे चहा-पोह्यांवर ठरलं: ते आपल्या पाटीवर वसाहतीचं नाव लावतील, हे स्थापनेचं साल लावतील.

महेश्वरला सहा माग वर्षाच्या बोलीनं घेतले. नगावर मजुरी होतीच. त्याशिवाय काठ बदलताना माग उभा राहील त्या दिवसांचा भत्ता. कराराच्या या एका कलमावर काका अडले होते. रिकाम्या मागाचे पैसे कसले? उस्तादांनी समजावलं नाही, फक्त विचारलं की पहिल्या अकरा काठांत कोणाकोणाची मजुरी बुडली ते सांगू का. भत्ता मान्य झाला, आणि त्याबरोबर वर्षाला चारच काठ असंही ठरलं, कारण भत्ता आता पेढीच्या खिशातून जाणार होता. डिझायनरला जे शिस्त म्हणून शिकवता आलं नसतं ते त्या कलमानं शिकवलं.

गल्लीतलं दुकान उघडलं, पण गादी वरच्या मजल्यावर. खालचा गाळा भाड्यानं दिला, त्या भाड्यात मास्टरजी आणि दोन शिकाऊ मुलांचा पगार निघतो. मार्च 2024चा मोसम सोडला. हे तिला फार जड गेलं. फॅशनच्या धंद्यात एक मोसम गाळणं म्हणजे विसरलं जाणं, ही भीती खरी आहे आणि तिच्याशी मी वाद घातला नाही.

काय झालं

नऊवारीच्या मागण्या इंदूरबाहेरून जास्त येतात: पुणे, बडोदा, ठाणे आणि परदेशी असलेल्या मुली, ज्यांना लग्नात आजीसारखं नेसायचं आहे पण नेसता येत नाही. त्यांच्यासाठी शिवलेली नऊवारी, मास्टरजींच्या अस्तरासकट. गिऱ्हाइकाला तीन महिने थांबावं लागतं आणि विसार आधी द्यावा लागतो, तरी थांबतात. सहा मागांवर महिन्याला पंधरा-सोळा नग निघतात, सणावाराला कमी. यावर कोणी श्रीमंत होणार नाही, पण उधारी नाही.

पुढचं कलेक्शन तिनं दिल्लीला नेलं नाही. वरच्या मजल्यावरच दाखवलं, आठ पोशाख, चार काठ, आणि सगळं कापड मागावरून उतरल्यावर तारीख ठरवली. यात एका बाजूनं काठ असलेलं खास विणलेलं कापड होतं, त्यामुळे कोटाचा वाया जाणारा तुकडा संपला. पत्रकार कमी आले. ज्या आल्या त्यांतल्या एका बाईंनी वहीची मोकळी कड उलटून पाहिली आणि डाग कशाचे ते विचारलं. त्यावरच त्यांचा लेख बेतला गेला.

सगळं गोड झालं असं नाही. सहापैकी एक विणकर दुसरीकडे जास्त मजुरी मिळाली म्हणून गेला. त्याच्या मागावर बसलेला मुलगा अजून ईंटेचा काठ सफाईनं काढत नाही. काकांनी रोजचं येणं थांबवलं. तब्येतीचं कारण सांगतात, पण वरच्या गादीवर बसून फोनवर ऑर्डरी घेणं त्यांना दुकान वाटत नाही, हेही आहे. आणि सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्याला 18 टक्के जीएसटी झाल्यानं कोटाचा हिशेब आणखी बसेनासा झाला; साडी पाचवरच आहे. शिवलेली नऊवारी साडी की तयार कपडा, यावर आमचं सध्या करसल्लागाराशी बोलणं चालू आहे आणि तोवर आम्ही जास्तीचा दर धरूनच भाव लावतो.

काय वेगळं करता आलं असतं

नावाचा करार दुसऱ्या शोच्या आधी व्हायला हवा होता. तोंडी होकारात वाईट काही नव्हतं, पण त्यात वहीचं काय, चुलत शाखेचं काय, कापड कसलं, हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. कागद करायला बसलं की ते आपोआप येतात; वहीची पानं मासिकांना गेली नसती ती त्यामुळे.

शोची जागा मिळाली तेव्हा "पुढच्या मोसमात येते" म्हणता आलं असतं का? डिझायनर आजही म्हणते, नाही, अशी संधी नवख्याला दुसऱ्यांदा विचारत नाही. मला वाटतं, तारीख तीच ठेवून काठ तीन घेतले असते तर बरंच साधलं असतं. कापड महिनाभर आधी आलं असतं, शिवण सरकते हे इंदुरातच कळलं असतं, आणि दुकानांना दाखवायला जे होतं तेच पुरवताही आलं असतं. अकरा काठ हे वहीचं वैभव दाखवण्यासाठी होते. दुकानदाराला वैभव नको असतं, त्याला त्याच साच्याचे वीस नग हवे असतात.

शोनंतर ज्या बैठकीत मागण्या, यंत्रमाग आणि कंपनीचा प्रस्ताव एकदमच आले, ती तशी घ्यायला नको होती. पुतणी थकलेली, काका दुखावलेले, आणि बोलण्यात यंत्रमागाला नकार म्हणजे काकांच्या चाळीस वर्षांना नकार असा रंग आला. तो रंग अजून पूर्ण गेलेला नाही. आधी मागण्यांचा निकाल लावून, नावाचं बोलणं संक्रांतीनंतर ठेवलं असतं तर कंपनी काही पळून जात नव्हती.

एक काम तर अजूनही राहिलं आहे. कासोट्याखालचं अस्तर मास्टरजी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचण्या लावून बेततात; त्याचा कागदी पॅटर्न नाही. शिकाऊ मुलं बघून बघून करतात आणि तीन आकारांच्या पलीकडे गेलं की चुकतात. पावसाळ्यात ऑर्डरी कमी असतात. तेव्हा महिनाभर मास्टरजींना शिवणावरून उठवून नुसतं पॅटर्न काढायला बसवायचं ठरलं आहे. त्या महिन्याचा त्यांचा पगार कोणत्या खात्यात टाकायचा एवढंच बाकी आहे.